तार जास्त आवळली तर दात लवकर सरकतात का?

अंबाजोगाईच्या एका आईने विचारलंय. मुलगी अकरावीला, लातूरला नीटच्या क्लासला आहे. वरचे आणि खालचे पटाशीचे दात पुढे आलेले, म्हणून चार उपदाढा काढून तार बसवली. त्यांचं म्हणणं असं: "डॉक्टर दोन वर्षं लागतील म्हणतात. दर महिन्याला इतक्या लांबून जातो तर पाच मिनिटांत रबर बदलून पाठवतात, तार आवळतच नाहीत. दुसरे एक डॉक्टर सहा महिन्यांत करून देतो म्हणाले. जोर वाढवला तर लवकर होणार नाही का? दुखलं तरी ती सहन करेल. आणि तार काढल्यावर दात पुन्हा पुढे येतात, हे खरं का?"

ताई, सरळ सांगतो. जोर वाढवला म्हणून दात लवकर येत नाही. बहुतेक वेळा उशीरच होतो, आणि आलाच तर जसा यायला हवा तसा येत नाही. डॉक्टर म्हणतात म्हणून हे मानू नका, कारण समजून घ्या. मग दोन्ही डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेही कळेल. उत्तर थोडं लांबेल.

दात थेट हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या, पेशी आणि द्रव असतो. सगळा खेळ या पाव मिलिमीटरमध्ये चालतो. तुमची मुलगी ज्वारीची कडक भाकरी चावते तेव्हा दाढेवर काही किलोंचा जोर येतो, तरी दाढ जागची हलत नाही. उलट ५० ग्रॅम जोराची केसासारखी बारीक तार दात सरकवते. फरक वेळेचा आहे. चावण्याचा जोर सेकंदभरही टिकत नाही, पडद्यातला द्रव बाजूला व्हायच्या आत तो संपलेला असतो. तार मात्र झोपेतही दाबत राहते. दिवसाचे निदान सहा-एक तास दाब टिकला तरच पेशी हाडात बदल करायला लागतात, असा आमच्या शास्त्रातला ढोबळ हिशेब आहे. म्हणून तर शाळेत लाज वाटते म्हणून दिवसभर रबर काढून ठेवणारी आणि झोपताना तासभर घालणारी मुलं महिनोन्‌महिने तिथल्या तिथंच राहतात.

दाब बसला की दाताच्या एका बाजूचा पडदा चेपतो, दुसऱ्या बाजूचा ताणला जातो. चेपलेल्या बाजूला रक्तप्रवाह थोडा मंदावतो, पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतात आणि दोनेक दिवसांत हाड खाणाऱ्या पेशी तिथे जमतात. ताणलेल्या बाजूला नवं हाड भरायला लागतं. पुढून हाड विरघळतं, मागून भरतं, आणि दात सरकतो. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, फार तर थोडा जास्त. हा वेग पेशींचा आहे, तारेचा नाही.

आता जोर वाढवून बघू. पडद्यातल्या रक्तवाहिन्या पूर्ण मिटतात. त्या जागच्या पेशी रक्ताविना मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काचेसारखा, पेशीविरहित दिसतो. १९०४ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं, म्हणजे ही काही कालपरवाची गोष्ट नाही. मेलेल्या भागात हाड खाणाऱ्या पेशी तयारच होत नाहीत. त्यांना मागच्या बाजूने, हाडाच्या आतल्या पोकळ्यांमधून पोखरत यावं लागतं. त्यात एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त जातात, आणि तोपर्यंत दात ढिम्म. मग एकदम हलतो. तेवढ्यात पुढची भेट आली आणि पुन्हा जोर टाकला, की तेच चक्र पहिल्यापासून. दुखणं जास्त, सरकणं कमी. श्वार्ट्झ यांनी १९३२ मध्ये एक मर्यादा सुचवली होती: मुळावरचा दाब केशवाहिन्यांमधल्या रक्तदाबापेक्षा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅमपेक्षा वर जाऊ नये. आज आम्ही तो आकडा जसाच्या तसा वापरत नाही, कारण मुळावर दाब सगळीकडे सारखा पडत नाही. पण दिशा तीच आहे.

म्हणून आमचे आकडे ऐकायला फार लहान वाटतात. दात नुसता कलवायचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम. मुळासकट सरळ सरकवायचा असेल तर ७० ते १२० ग्रॅम. दात हाडात आत दाबायचा असेल तर फक्त १० ते २० ग्रॅम, कारण तेव्हा सगळा दाब मुळाच्या टोकावर, अगदी एवढ्याशा जागेवर एकवटतो. चेअरजवळ पेनसारखा एक स्प्रिंगचा मापक असतो, डॉन्ट्रिक्स गेज म्हणतात त्याला. तुमच्या डॉक्टरांना सांगा की एकदा रबर लावताना मोजून दाखवा. चांगला डॉक्टर आनंदाने दाखवेल.

कलवणं आणि मुळासकट सरकवणं यातला फरक तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ आहे, म्हणून इथे जरा थांबतो. काळ्या रानात रोवलेला खुंट वरच्या टोकाला ढकलला तर तो सरकत नाही, कलतो. वरचं टोक पुढे जातं आणि जमिनीतलं टोक मागे रेटतं. दाताचंही तेच. आम्ही ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचं छोटं खाचेचं बटण, चिकटवतो ते बाहेर दिसणाऱ्या मुकुटावर. पण ज्या बिंदूतून जोर गेला तर दात सरळ सरकेल, तो असतो हाडाच्या आत, मुळाच्या साधारण मध्याच्या थोडा अलीकडे. त्याला विरोधकेंद्र म्हणू. दाढेसारख्या दोन-तीन मुळांच्या दातात ते मुळं फुटतात त्या जागेच्या आसपास असतं. ब्रॅकेटपासून विरोधकेंद्रापर्यंत ढोबळपणे १० मिलिमीटर धरा.

आता वरचा सुळा मागच्या रिकाम्या जागेत १०० ग्रॅमने ओढला, असं समजा. १०० ग्रॅम गुणिले १० मिलिमीटर, म्हणजे १००० ग्रॅम-मिलिमीटरचा मोमेंट, म्हणजे वळवणारी ओढ, त्याला मागे कलवायला बघतो. तो कलू नये म्हणून तेवढाच उलटा मोमेंट तारेने ब्रॅकेटमध्ये द्यायला हवा. ब्रॅकेट सुमारे ३ मिलिमीटर रुंद. दात जरासा कलला की तार ब्रॅकेटच्या एका कडेला वरून आणि दुसऱ्या कडेला खालून टेकते, आणि प्रत्येक कडेला सुमारे ३३३ ग्रॅमचा दाब पडतो. या दाबामुळे घर्षण होतं. स्टीलवर स्टीलचा घर्षणांक ०.१५ धरला तर दोन कडांचं मिळून १०० ग्रॅम घर्षणातच गेले. म्हणजे दाताला १०० ग्रॅम मिळावेत म्हणून रबराने २०० ग्रॅमच्या आसपास ओढावं लागतं. प्रत्यक्षात दात थोडा कलतो, मग सरळ होतो, पुन्हा थोडा कलतो, असा टप्प्याटप्प्याने येतो. तार कडेला रुतली तर काही दिवस येतच नाही. पण हिशेबाची जात ही.

जोर आणि मोमेंट यांचं प्रमाण हेच आमचं स्टिअरिंग. उलटा मोमेंट जोराच्या साधारण ७ पट असेल तर मुळाचं टोक जागेवर राहून मुकुट मागे येतो. १० पट असेल तर पूर्ण दात सरळ सरकतो. १२ पट किंवा जास्त झाला तर मुकुट जवळपास थांबतो आणि मूळ मागे यायला लागतं. आणि उलटा मोमेंट दिलाच नाही तर? मुकुट मागे, मूळ पुढे. सहा महिन्यांत रिकाम्या जागा बंद झालेल्या दिसतात, फोटो छान येतो, पण पटाशीचे दात आत झोपलेले आणि मुळं ओठाच्या बाजूच्या पातळ हाडावर टेकलेली. हे आरशात कळत नाही, बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसतं.

तुमच्या मुलीच्या तोंडातली बेरीज करून बघा. एक उपदाढ काढली की सुमारे ७ मिलिमीटर जागा मिळते. महिन्याला १ मिलिमीटर धरला तर नुसती जागा भरायला सात-आठ महिने. त्याआधी वाकडे दात एका रेषेत आणायला पाच-सहा महिने, कारण वेड्यावाकड्या ब्रॅकेटमधून जाड चौकोनी तार जातच नाही. शेवटी मुळं समांतर करायला आणि चावा बसवायला आणखी काही महिने. दोन वर्षं हे कुणी खिसा बघून सांगितलेलं नाही.

"तार आवळत नाहीत" ही तक्रार रोज ऐकतो. लोकांना वाटतं तारेला कुठेतरी स्क्रू असतो. तसं काही नसतं. सुरुवातीची निकेल-टायटॅनियमची तार वाकडी होऊन ब्रॅकेटमध्ये बसते आणि स्वतःच्या मूळ आकारात परतायचा प्रयत्न करते, बस. हा मिश्रधातू १९६० च्या आसपास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि सत्तरच्या दशकात दातांकडे आला. त्याची खुबी अशी की तार थोडी वाकवा किंवा खूप वाकवा, परतताना ती जवळपास सारखाच हलका जोर देत राहते. म्हणून दीड-दोन महिने हात न लावताही काम चालू राहतं. डॉक्टरांनी तार बदलली नाही म्हणजे काही केलं नाही, असं समजू नका.

जाता जाता, या तारेचा जोर तापमानावर बदलतो. थंड झाली की मऊ पडते. मे महिन्यात आमच्याकडची पोरं सांगतात की बर्फाचा गोळा खाल्ला की दुखायचं थांबतं. थंडीने बधिर होतं हे तर आहेच, पण तारही तेवढ्यापुरती सैल होते. गरम चहाने उलटं.

तारेची जाडी मात्र नीट जपून वाढवावी लागते. गोल तारेचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.०१४ इंचावरून ०.०१८ वर गेलो तर बघणाऱ्याला फरक दिसत नाही, पण त्याच धातूची तार जवळपास पावणेतीन पट कडक होते. आणि दोन ब्रॅकेटमधलं अंतर वाढलं की कडकपणा त्या अंतराच्या तिसऱ्या घाताने घटतो. याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. एक ब्रॅकेट निखळलं की शेजारच्या दोन ब्रॅकेटमधलं अंतर साधारण दुप्पट होतं, आणि तेवढ्या तुकड्यात तारेचा कडकपणा आठव्या हिश्श्यावर येतो. तो दात मोकाट, वर शेजारचे दोन वळायला लागतात. पुढची भेट आधीचं निस्तरण्यात जाते. दोन वर्षांची अडीच वर्षं बहुतेक अशी होतात, हलक्या जोरामुळे नाही.

ब्रॅकेट निखळायचं कारण आपल्या भागात दुहेरी आहे. ऊस दाताने सोलणं, भाजलेलं कणीस, सुपारी, चिक्की हे एक. दुसरं, नांदेड-बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहानपणापासून ते पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग दिसतात. अशा दाताच्या वरच्या थराला आम्ही लावतो ते ॲसिड नीट लागत नाही, म्हणून ब्रॅकेट कच्चं चिकटतं. मुलीच्या दातांवर डाग असतील तर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. ॲसिड जास्त वेळ ठेवणं, पृष्ठभाग किंचित खरवडणं असे उपाय असतात.

पाच मिनिटांत बदलतात ते रबर म्हणजे बहुधा चेन, एकमेकांना जोडलेल्या रबरी कड्यांची साखळी. साधी दिसते, पण तिचा स्वभाव वाईट. पहिल्या २४ तासांतच जवळपास निम्मा जोर गमावते, मग हळूहळू आणखी. त्यामुळे सुरुवातीला थोडी जास्त ताणून लावावी लागते आणि चार आठवड्यांनी बदलावी लागते. ती बदलणं हेच त्या टप्प्यातलं काम आहे. तुम्हाला ये-जा जड जात असेल तर चेनऐवजी निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग चालेल का, ते विचारा. महाग पडते, पण जोर बराच काळ सारखा राहतो आणि भेटी सहा-आठ आठवड्यांवर नेता येतात. क्लासच्या चाचण्या सुरू असताना तर मी हेच सुचवेन. परीक्षेच्या तोंडावर नवा टप्पा सुरू करायला लावू नका. तार बदलल्यावर दुखणं काही तासांनी सुरू होतं, साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. गोळी लागली तर पॅरासिटामॉल बरी. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं त्याच प्रोस्टाग्लँडिनला अडवतात ज्याच्यामुळे दात सरकतो. एखाददुसऱ्या गोळीने काही बिघडत नाही, पण रोजची सवय नको.

घरी घालायचे छोटे गोल रबर दिले असतील तर एक गोष्ट मुलीला बजावा: दोन-दोन रबर एकदम लावायचे नाहीत. "लवकर होईल" म्हणून हुशार मुलंच हे करतात. पाकिटावर ३.५ औंस असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, आणि तेही रबर त्याच्या भोकाच्या तिप्पट ताणल्यावर. दोन लावले की जोर दुप्पट, शिवाय तिरक्या ओढीमुळे खालची दाढ वर उचलली जाते आणि सगळा चावाच तिरपा व्हायला लागतो.

आता दाढांचं बघू. पुढचे सहा दात मागे ओढले की तेवढ्याच जोराने मागच्या दाढा पुढे ओढल्या जातात. न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही चालतो. ७ मिलिमीटरपैकी दाढ २ मिलिमीटर पुढे आली तर पुढच्या दातांना ५ च उरले. आणि जोर बेसुमार वाढवला की आधी हरतात त्या दाढा. कारण मोठ्या मुळाची दाढ हलक्या जोराला दाद देत नाही, पुढचे दात देतात. जोर वाढला की दाढेचीही हलण्याची पातळी गाठली जाते, पण पुढच्या दातांचा वेग काही वाढत नाही. म्हणजे दात काढून मिळवलेली जागा फुकट गेली आणि ओठ तसेच पुढे राहिले. हाडात बसवायचा मिनी-स्क्रू याच्यासाठी. दाढेच्या आणि उपदाढेच्या मुळांमध्ये, जागा बधिर करून, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा स्क्रू बसवतात आणि ओढ दाढेऐवजी त्याच्यावर घेतात. दोन्ही बाजूंना साधारण १५० ते २०० ग्रॅम पुरतात. तो हिरडीत वर असतो आणि पुढे लांब हूक लावला तर ओढीची रेषा विरोधकेंद्राच्या जवळून जाते, कलण्याचा प्रश्न मुळातच कमी होतो. काही स्क्रू सैल होऊन निघतात, ते पुन्हा बसवावे लागतात. प्रत्येकाला गरज नसते. तुमच्या मुलीचे दात किती पुढे होते त्यावर ते ठरतं.

जास्त जोराची आणखी एक किंमत असते, ती मुळांची. हाड खाणाऱ्या पेशी कधी मुळाचं टोकही कुरतडतात. थोडी झीज बहुतेकांची होते आणि त्याने काही अडत नाही. पण जड जोर, लांबलेला उपचार आणि काहींची जन्मजात प्रवृत्ती एकत्र आली तर मूळ आखूड होतं, आणि आखूड झालेलं मूळ पुन्हा वाढत नाही. "ती सहन करेल" म्हणालात ना, ते दुखण्यापुरतं ठीक आहे. ही झीज मात्र दुखत नाही. उपचार सुरू झाल्यावर सहा-आठ महिन्यांनी एकदा एक्स-रे काढून मुळं बघितलीत का, हे जरूर विचारा.

सहा महिन्यांवाले डॉक्टर खोटंच बोलतात असं मी म्हणणार नाही. दात न काढता, पुढचे दोन-चार दात किंचित वाकडे असतील तर सहा महिने पुरतात, मीही करतो. पण तुमच्या मुलीच्या चार जागा रिकाम्या आहेत. त्यांना दोनच गोष्टी विचारा: मुळं मागे कशी आणणार, आणि दाढा पुढे येऊ नयेत म्हणून काय करणार? "जोर वाढवू" हे उत्तर आलं तर तिथून उठा. हाडावर छोट्या शस्त्रक्रियेने काही महिने वेग वाढवता येतो, पण ती शस्त्रक्रिया आहे, अकरावीच्या मुलीला मी सहसा सुचवत नाही. दाताला कंप देणाऱ्या यंत्रांवर पैसे घालवू नका, नीट केलेल्या चाचण्यांत त्यांचा म्हणावा असा उपयोग दिसलेला नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. हो, दात परत जायला बघतात. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी जुळायला तीन-चार महिने घेतात, हिरडीतले लवचीक तंतू वर्षभर तरी जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून तार निघाल्यावर पहिले काही महिने जेवण सोडून सतत, आणि पुढे वर्षभर तरी रात्री रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा काढता-घालता येणारा साचा, घालावा लागतो. खालच्या पुढच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवली तर उत्तम. पारदर्शक रिटेनर मिळाला तर तो उन्हाळ्यात उभ्या गाडीत ठेवू नका आणि गरम पाण्याने धुऊ नका, आकार बिघडतो. बिघडलेला रिटेनर जबरदस्तीने बसवला तर तोही दाताला ढकलतोच, फक्त चुकीच्या दिशेने. साध्या पाण्याने ब्रश करून डबीत ठेवायचा, आणि घट्ट लागायला लागला तर त्याच आठवड्यात दाखवायला यायचं.